गावात आपलं कोण ऐकतं? ग्रामसभा, जनसुनावणी आणि बातमी: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून दोडामार्गपर्यंतच्या गावांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची कलमं गरजेपुरतीच दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सामान्य माणसाच्या म्हणण्याला खरंच वजन आहे, की सगळं आधीच ठरलेलं असतं?

म्हणणं कुठे मांडता त्यावर ते आहे. काही ठिकाणी तुमचं मत थेट निर्णय असतं: निवडणूक, दारू दुकानाचं मतदान (प्र. ११), ग्रामसभेतली लाभार्थी निवड. काही ठिकाणी सरकारनं ऐकून घेणं सक्तीचं असतं, मानणं नाही: पर्यावरणाची जनसुनावणी, भूसंपादनाच्या हरकती, मसुदा अधिसूचनेवरच्या सूचना. उरलेल्या जागा म्हणजे निवेदन, मोर्चा, उपोषण, बातमी. तिथे कायद्यानं कुणावर काहीच बंधन नाही, आणि तरी कधीकधी सगळ्यात जड पारडं तेच ठरतं. राजापूर तालुक्यातल्या नाणार रिफायनरीची (तेलशुद्धीकरण प्रकल्पाची) जमिनीची अधिसूचना मे २०१७ मध्ये निघाली आणि मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. मधल्या काळात गावांचा विरोध टिकला आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर आली. कुठल्या सुनावणीत गावं जिंकली म्हणून ती रद्द झाली नाही.

लोकांची फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. ऐकून घेतलं म्हणजे मानलं, असं धरून माणसं घरी जातात.

२. मी मुंबईत राहतो, घर-जमीन गावी आहे. ग्रामसभेत मला मत आहे का?

गावच्या मतदार यादीत नाव असेल तरच. ग्रामसभा म्हणजे त्या ग्रामपंचायतीच्या यादीतले मतदार. घरपट्टी कोण भरतो, देवळातला मान कुणाकडे आहे, मंडळाची वर्गणी किती दिली, याचा तिथे संबंध नाही. दोन्हीकडे नाव ठेवणं हा उपाय नव्हे. एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदणी कायद्यानं चालत नाही आणि अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. खरोखर गावी राहायला आला असाल तर नमुना ८ भरून नाव हलवा.

मात्र दोन जागा चाकरमान्यांना (नोकरीसाठी मुंबईत असलेल्यांना) पूर्ण खुल्या आहेत आणि त्याच नेमक्या वापरल्या जात नाहीत. सात-बारावर सहहिस्सेदार म्हणून नाव असेल तर भूसंपादनात हरकत घेता येते, मतदान कुठेही असो. आणि जनसुनावणीसाठी लेखी म्हणणं कुठूनही पाठवता येतं (प्र. ७). अडचण पत्त्याची होते. सामायिक सात-बारावर वीस नावं, त्यातली पंधरा मुंबईत आणि नोटीस बंद घराच्या कडीला लटकलेली. तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) मुंबईचा पत्ता लेखी देऊन पोच घ्या.

३. ग्रामसभा कधी झाली तेच कळत नाही. नोटीस किती दिवस आधी हवी?

नेहमीच्या सभेला ७ दिवस, विशेष सभेला ४ दिवस. आर्थिक वर्षात निदान चार सभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. प्रत्येक नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. ती कित्येकदा फक्त वहीत होते.

नोटीस फलकावर लावली की काम झालं, असं मानणाऱ्या ग्रामपंचायती पुष्कळ. पण आपल्याकडे गाव म्हणजे बारा वाड्या, आणि वरच्या वाडीतला माणूस पंचायतीच्या फलकाजवळून महिन्यात एकदा जातो. म्हणून ग्रामसभेतच ठराव करून घ्या: नोटीस प्रत्येक वाडीत अमुक ठिकाणी लागेल, दवंडी होईल आणि गावच्या ग्रुपवर फोटो पडेल. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. तक्रार लेखी करा आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या.

४. कोरम (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) किती लागतो? आमच्याकडे सभा दर वेळी तहकूब होते.

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ४०० मतदारांच्या गावात ६० माणसं लागतात. ८०० मतदार असतील तर १५ टक्क्यांचे १२० होतात, म्हणून १०० पुरतात.

खरी गोम तहकुबीत आहे. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. पंचवीस माणसांत तेच विषय मंजूर होतात आणि कागदावर तो अख्ख्या गावाचा ठराव ठरतो. नको असलेला विषय अडवायचा म्हणून पहिल्या सभेला न जाणं हा डाव त्यामुळे उलटतो. तहकूब सभेत नवा विषय मात्र घेता येत नाही. कुणी ऐनवेळी घुसवला तर तोंडी भांडण्यापेक्षा लेखी आक्षेप द्या.

५. विषय मांडला, सगळ्यांनी होकार दिला, पण इतिवृत्तात तो उतरलाच नाही. काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उपाय सभेच्या आधी, सभेत आणि सभेनंतर, तिन्ही वेळी करावा लागतो.

आधी: विषय लेखी द्या, नोटीस निघण्यापूर्वी. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली दुसरी प्रत आपल्याकडे ठेवा. ‘ऐनवेळचे विषय’ या भरवशावर बसू नका, तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

सभेत: ठराव तयार लिहून न्या. सूचक आणि अनुमोदक ठरलेले असू द्या. ‘वाडीचा रस्ता करावा’ हा ठराव नव्हे, इच्छा आहे. ‘खालची वाडी ते प्राथमिक शाळा, ३०० मीटर, पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) मोरीसह, यंदाच्या विकास आराखड्यात घ्यावा’ असं लिहिलं की नंतर विचारायला जागा राहते. विरोध असेल तर मतं मोजून आकडा लिहायला सांगा. उठण्यापूर्वी इतिवृत्त वाचून दाखवायची मागणी करा. हजेरीची सही शेवटच्या नावाखाली करा आणि मधे कोऱ्या ओळी असतील तर त्यांवर रेघ मारायला लावा. कोऱ्या पानावर सही करू नका. ग्रामसेवक (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ओळखीचे, भले असले तरी नाही.

नंतर: आठवड्याभरात इतिवृत्ताची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर प्र. १२.

६. ग्रामसभेनं प्रकल्पाविरुद्ध ठराव केला, तर प्रकल्प थांबतो का?

केवळ ठरावानं, नाही. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात पेसा, म्हणजे अशा क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्यानं ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात पेसा लागू नाही.

‘७० ते ८० टक्के शेतकऱ्यांची संमती लागते’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ते आहे: खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के. पण औद्योगिक विकास महामंडळ आपल्या १९६१ च्या कायद्यानं जमीन घेतं आणि महाराष्ट्राच्या २०१८ च्या दुरुस्तीनं त्या मार्गाला संमतीची अट लागत नाही. म्हणून नोटीस आली की पहिल्या ओळीत कुठला कायदा लिहिलाय ते बघा. हरकतीची मुदतही त्यावरच ठरते. राष्ट्रीय महामार्गासाठी राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २१ दिवस, २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस. मोबदला वाढवून मागणं म्हणजे संपादनाला हरकत नव्हे. दोन्ही म्हणायचं असेल तर वेगवेगळे अर्ज द्या.

तरीही ठराव वाया जात नाही. पर्यावरण मंजुरी तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे आणि न्यायालयात तो तारीख-वार असलेला पुरावा असतो. पश्चिम घाटाच्या गाडगीळ अहवालानंतर सिंधुदुर्गातल्या काही गावांनी ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव केले. ‘स्थानिकांचा विरोध आहे’ या सरसकट दाव्याला आजही तेच उत्तर आहे. आणि सरकारनं मनावर घेतलं तर थेट कौलही घेता येतो. महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) २१ सप्टेंबर २००८ ला पेण भागातल्या २२ गावांत प्रशासनानंच मतदान घेतलं होतं. ते कुठल्या कलमाखाली हक्कानं मागता येत नाही, एवढंच.

७. जनसुनावणीची नेमकी पद्धत काय? आम्हाला चार दिवस आधी कळलं.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची नोटीस लागते, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी. मसुदा अहवाल आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत आणि मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवावा लागतो.

प्रत्यक्ष बोलण्याचा हक्क स्थानिक बाधितांचा. बाकी ज्यांचा संबंध पोचतो त्यांनी लेखी द्यायचं. लेखी म्हणणं दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. मुद्दे क्रमांकानं लिहा, कारण प्रत्येक मुद्द्यावर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ‘आम्ही कोकण भकास होऊ देणार नाही’ याला उत्तर द्यायची गरजच नसते. ‘पान अमुकवर विहिरी चार दाखवल्या, आमच्या वाडीत अकरा आहेत, यादी सोबत’ याला द्यावं लागतं.

सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी कार्यवृत्त मराठीत वाचून दाखवून त्याच दिवशी सही व्हायला हवी. म्हणून भाषण झालं की जेवायला पांगू नका. वाचनाच्या वेळी मंडपात दहा माणसं उरली तर काय सुटलं ते कोण सांगणार?

८. अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. सगळा वाचायचा?

नाही. मराठी सारांश पूर्ण वाचा आणि मूळ अहवालातले तीन भाग गावातल्या शिकलेल्या मुलांकडून तपासून घ्या.

पहिला, माहिती कुठल्या महिन्यांत गोळा केली. बहुतेक अहवालांत पावसाळा सोडून एका हंगामाची मोजमापं असतात. कोकणात चार महिन्यांत पऱ्ये, वहाळ, झरे आणि विहिरीची पातळी यांचं चित्र पालटतं, ते अहवालात येतच नाही.

दुसरा, जमिनीचा वापर. कातळसडा (उघड्या खडकाचं पठार) ‘पडीक’ म्हणून दाखवला जातो. तिथे पावसाळ्यात गुरं चरतात, वरून मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं आणि राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसूसह काही ठिकाणांची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्याचे तारखेसह फोटो जोडा.

तिसरा, मासेमारी. बंदरावर उतरणाऱ्या ट्रॉलरचं मासळीचं वजन मोजलं जातं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), खाडीतली जाळी, कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) वेचणाऱ्या बायका कुठल्याच तक्त्यात नसतात. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांची आणि सोसायटीबाहेरच्यांची वेगळी यादी करून द्या.

९. सुनावणीवर बहिष्कार टाकला, उधळली, तर प्रकल्प अडेल ना?

अडेलच असं नाही. या सुनावणीला कोरम नाही. रिकाम्या मंडपातही ती झाली असं नोंदवता येतं. आणि ती उधळली तर आणखी एक पळवाट अधिसूचनेतच आहे: स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवाय पुढे जायचा निर्णय होऊ शकतो. निषेध करायचाच तर लेखी म्हणणं आधी आत द्या, पोच घ्या, मग बाहेर बसा.

१०. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळून गेली. आता कुठे जायचं?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभाग, पुणे. अपील ३० दिवसांत. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या रिट याचिका १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. रायगडला मुंबईच.

११. गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं म्हणतात, खरं का?

खरं. २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांच्या २५ टक्क्यांनी) सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद, ‘उभी बाटली’ म्हणजे चालू.

हरण्याचं नेहमीचं कारण एकच. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या. ज्या बायका मुंबई-ठाण्याला आहेत पण यादीत गावी आहेत, त्या न आल्या तर ते मत आपोआप दुकानाच्या बाजूला पडतं. आधी यादी स्वच्छ करून घ्या, मग सह्या गोळा करा.

१२. माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं ‘माहिती उपलब्ध नाही’.

बहुधा प्रश्न चुकला. ‘रस्ता का झाला नाही?’ ही माहिती नव्हे. ‘अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप वही आणि देयकाची प्रत’ ही माहिती. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. मुदत ३० दिवस. पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. ग्रामपंचायतीचं अपील पंचायत समितीत जातं. दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, तिथे वाट बघायची तयारी ठेवा. घाई असेल तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहण्याचा अर्ज करा, मोबाइलवर फोटो काढून काम होतं.

१३. लोकशाही दिनाला (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी) गेलं तर काम होतं का?

अडकलेल्या फायलीचं होतं, धोरणाचं नाही. तालुक्यात महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्यात पहिला. अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्या. तालुक्याचा टोकन क्रमांक नसेल तर जिल्ह्यात परत पाठवतात. न्यायालयात चाललेली आणि महसुली अपिलाची प्रकरणं घेत नाहीत, म्हणजे बांधाचं भांडण नको.

१४. आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. आता ग्रामसभा कुठे?

गेली. दापोली, लांजा, कुडाळ, देवगड-जामसंडे, सगळीकडे हेच. उरतो तो नगरसेवक, आणि प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींचे ३० दिवस. त्या नकाशात तुमच्या आगरावर आरक्षण पडलंय का, ते गट क्रमांकानं तपासा. रंगावरून ओळखू नका.

निवडून आलेला माणूस तरी आहे का, हेही बघावं लागतं. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जिल्हा परिषदांच्या मुदती मार्च २०२२ मध्ये संपल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ ला द्यावा लागला.

१५. वर्तमानपत्रं आमची बातमी घेत नाहीत. पैसे द्यावे लागतात का?

बातमीला नाही, आणि कुणी मागितले तर देऊ नका. पण व्यवस्था समजून घ्या. तालुका वार्ताहराला अनेक ठिकाणी नाममात्र मानधन मिळतं, बाकी कमाई वाढदिवसाच्या आणि शुभेच्छांच्या जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याकडून गणपतीत अर्ध पान मिळतं त्याच्याविरुद्ध लिहिताना त्याचा हात आखडतो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या दिवशी दरवर्षी पत्रकारांचे सत्कार होतात, मानधनाचा विषय निघत नाही.

बातमी लागण्यासाठी: दीडशे शब्द, टाइप केलेले. पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, कधी. सोबत कागदाची प्रत (ठराव, नोटीस, पोच) आणि एक स्पष्ट आडवा फोटो. दुपारी पाठवा, रात्री नऊला नाही. कागद जोडला की वार्ताहरालाही संरक्षण मिळतं. आणि जिल्हा आवृत्तीतली बातमी त्या जिल्ह्याबाहेर सहसा जात नाही. मंत्रालयापर्यंत पोचवायची असेल तर कात्रण निवेदनाला जोडून पाठवा.

१६. माझ्याबद्दल चुकीची बातमी छापली. कुठे दाद मागायची?

आधी संपादकाला लेखी, चूक कुठली ते नेमकं सांगून. मग भारतीय प्रेस परिषद: दैनिक-साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून २ महिन्यांत. परिषद ताशेरे ओढते, दंड करत नाही. वृत्तवाहिनीला ७ दिवसांत तक्रार पाठवा. वाहिनी स्वयंनियमन संस्थेची सभासद असेल तरच पुढे त्या संस्थेकडे जाता येतं. यूट्यूबवरचा स्थानिक चॅनल यातल्या कशातच बसत नाही. तिथे यूट्यूबच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जा, किंवा अब्रूनुकसानीचा दावा.

१७. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरपंचाविरुद्ध लिहिलं. गुन्हा दाखल होईल अशी धमकी आहे.

टीका हा गुन्हा नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी लावलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. अब्रुनुकसानीचं कलम मात्र आहे. ‘सरपंचानं पैसे खाल्ले’ आणि ‘मोजमाप वहीत ३०० मीटर, जागेवर १८०’ यातलं दुसरं लिहा, वहीच्या पानाचा फोटो लावून. सदस्याच्या पोस्टसाठी, कट नसेल तर, अॅडमिन जबाबदार नाही असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. जमावबंदी लागू असेल त्या दिवसांत ‘सगळ्यांनी अमुक ठिकाणी जमा’ असा निरोप टाकणं मात्र वेगळं, त्यावर नोटीस येते.

१८. आमच्याकडे निवडणूक कायम बिनविरोध. गावकर (गावचे मानकरी) आणि मुंबईकरांचं गावमंडळ ठरवतं. कुणीच नको असेल तर?

अर्ज एकच उरला तर मतदानच होत नाही, म्हणजे ‘नोटा’ही (‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय) नाही. बिनविरोध मोडायला दुसरा अर्ज लागतो. मतदान झालं तर ग्रामपंचायतीत ‘नोटा’ला लोकसभा-विधानसभेपेक्षा जास्त ताकद आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र नोटाखालोखाल मतं असलेला उमेदवार निवडून येतो. या निवडणुकांसाठी विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला गोठवून वापरतात. त्यानंतर आलेलं नाव त्या खेपेला चालत नाही, म्हणून पोरांची नावं अठरा पूर्ण होताच घालून घ्या.

१९. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात मागच्या वेळी नाव होतं, यंदा गायब. कुणी काढलं?

कुणीच नाही. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. पात्रता तारीख १ नोव्हेंबर. त्याआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी, आणि नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. शिक्षकांसाठी नमुना १९. गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी त्याचा पुरावाही जोडा, सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात.